गणिताची शिकवणी

आये, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दर रविवारी एक मालिका लागायची. तिच्यातला नायक हत्याराशिवाय, नुसत्या हातापायांनी चार-चार जणांना लोळवायचा. तो नट परवा गेला. बातमी ऐकली तेव्हा मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. "कधी भेटलीही नाहीस अशा माणसासाठी रडतेस?" म्हणून माझी लेक हसली. पण त्याला बघून आमच्या वेळची कितीतरी पोरं कराटे शिकायला लागली, हे तिला कुठून कळणार?

मी अकरा वर्षांची होते. आचऱ्याला आपल्या घरापुढच्या खळ्यात मी त्याच्यासारखी लाथ मारून बघितली आणि तुझे वाळत घातलेले बांगडे मातीत गेले. तू खराटा घेऊन मागे धावलीस. "चेडवाच्या जातीन असे पाय उडवतत? पुन्ना दिसलंस तर मोडून हातात देयन!" आजी ओटीवरून ऐकत होती, आणि घरात शब्द तिचाच चालायचा. त्याच वर्षी गावच्या शाळेत कराटेचा वर्ग निघाला. मी तुला सांगितलं, सर गणिताची शिकवणी घेतायत. तू "बरा" म्हणालीस. नडगी काळीनिळी झाली तेव्हा मी म्हटलं, खडकावर पडले. तू तेल कोमट करून चोळलंस, मी भिंतीकडे बघत बसले. मी दहावीत असताना चार दिवसांच्या तापाने तू गेलीस, आणि ते खोटं माझ्याकडेच राहिलं. आज मी वयाने तुझ्याहून मोठी आहे, तरी राहिलं.

काल सरांनी आम्हां जुन्या मुलांना शाळेत बोलावलं. त्या नटाच्या फोटोला हार घातला, आणि पन्नाशीला टेकलेले आम्ही ओळीत उभे राहून कमरेत वाकलो. सगळे पांगल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, आयेक मी फसवलंय. मरेपर्यंत तिका कळला नाय."

सर हसायलाच लागले. "तुझी आये पयल्याच महिन्यात इल्ली होती. कट्टा गावचो बाजार करून येताना रिकामी टोपली घेऊन खिडकीकडे उभी रवली. माका इचारल्यान, 'चेडवाक जमता काय?' मी म्हटलंय, तुमका नको आसात तर घरी धाडतंय. तर म्हणाक लागली, 'नको. मी इल्लंय ता तिका सांगू नकात. तिना खरा सांगल्यान तर सासूसमोर माका नाय म्हणूचा लागतला. लपान शिकता, तर शिकूंदे.'"

मी तिथेच बाकावर बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, तू गेलीस ती माझ्याकडून फसून. आणि तूच माझ्या खोट्यावर पांघरूण घालून बसली होतीस. घरी आले, पोटभर जेवले, आणि दुपारी गाढ झोपले. लेकीने उठवलं तेव्हा उन्हं कलली होती.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. आता मी शाळेच्या व्हरांड्यात मुलींना कराटे शिकवते. त्यांना सांगते की जिल्ह्याच्या स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला होता. आये, मी पहिल्याच फेरीत हरले होते.