पॅनकेक उलटण्यात असं काय आहे

३ मार्च, रविवार
बायको, आर्लीन, घराच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. बर्फ वितळावा म्हणून त्यावर मीठ टाकायचं काम माझ्याकडे होतं, असं तिचं म्हणणं. टाकणारच होतो.

खरी पंचाईत वेगळीच. चोवीस तारखेला फायर स्टेशनच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता. मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक उतरला की दरवर्षी होतो, सगळं गाव येतं. तिथल्या मोठ्या तव्यामागची मधली जागा आर्लीनची, तिच्याआधी तिच्या आईची. त्या घरचं कोणी उभं राहिलं नाही तर जागा पुढच्या बाईकडे जाते आणि मग जन्मात परत मिळत नाही. पुढची बाई म्हणजे बर्निस टेटरो. गेली वीस वर्षं ती आर्लीनच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करते.

आर्लीनचे डोळे भरून आले. मी म्हणालो, रडतेस काय, मी उभा राहतो! प्लंबर म्हणून शून्यातून धंदा उभा केलाय. हॉलमधला तो तवासुद्धा मीच बसवलाय, जमिनीला बोल्ट मारून. हत्तीने ढकलला तरी हलणार नाही. पॅनकेक उलटण्यात असं काय आहे?

तिने डोळे पुसले. विश्वास असावा.

५ मार्च, मंगळवार
संकल्प: रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर सराव. उलथनं वापरायचं नाही. पॅनला झटका, पॅनकेकची हवेत कोलांटी, परत पॅनमध्ये. सगळा खेळ मनगटाचा, आणि घरात धड मनगटं सध्या माझीच.

आर्लीन म्हणाली, अरे पण हॉलमधला तो तवा... मी म्हणालो, तू आराम कर.

पहिला दुमडला. दुसरा स्टोव्हच्या मागे. तिसरा आमच्या कुत्र्याने, वॉशरने, वरच्या वर झेलला. म्हणजे उंची बरोबर होती.

मीठ उद्या.

९ मार्च, शनिवार
आर्लीनचा सल्ला: पीठ फार घोटू नकोस, गाठी राहू देत. वर बुडबुडे येऊन फुटेपर्यंत हात लावू नकोस. मी ड्रिल मशीनला पातं लावून घोटलं. एक गाठ राहिली असेल तर शपथ. पॅनकेक बुटाच्या तळव्यासारखे झाले. पिठातच खोट आहे.

शिवाय पिशवी अर्धी रिकामी. मी एवढं वापरलेलंच नाही. हल्ली वजनातही मारतात.

१३ मार्च, बुधवार, पहाटे
कान तिखट असले की हा त्रास. झोपेत खालून आवाज आला: चर्रर्र. मग टप्प. परत चर्रर्र. बिछान्यातूनच निदान केलं: गरम पाण्याच्या पाइपात हवा. दुसरा कोणी उठून बघत बसला असता. आर्लीन शेजारी नव्हती. हात ठणकत असेल, खाली खुर्चीत बसली असेल बिचारी.

संध्याकाळी: व्हॉल्व्ह बदलला. त्यात सराव राहिला.

१४ मार्च, गुरुवार, पहाटे
चर्रर्र. टप्प. नवा व्हॉल्व्हही भिकार निघाला.

१७ मार्च, रविवार
चर्चबाहेर बर्निस भेटली. साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, ऑरिन, तू उभा राहणार म्हणे? बरंच झालं बाई, आगीचा बंब जवळच असतो. सगळे फिदीफिदी हसले. मी म्हणालो, बर्निस, तू नुसती ताट घेऊन उभी राहा, मी लांबूनच टाकतो. फायर चीफ डुएन म्हणाला, मग मी हेल्मेट घालूनच रांगेत येतो बाबा.

 घर आल्यावर आर्लीन म्हणाली, आईची जागा आहे रे ती. मी तिला धीर दिला.

आज पाचातले दोन बरोबर पडले! एक दिव्यावर आहे, तो धरलेला नाही.

२० मार्च, बुधवार
वॉशर माझ्या पॅनकेककडे ढुंकून बघत नाही. पोट मात्र टम्म. नुसत्या माझ्या हातचं खाऊन इतका फुगला? आर्लीन म्हणाली, म्हातारा झालाय तो. तिच्या डाव्या बाहीवर पांढरं काहीतरी होतं. प्लास्टरचा भुगा असणार. प्लास्टर उजव्या हाताला आहे, पण भुगा काय, कुठेही उडतो.

मीठ आणलंय. गाडीत आहे.

२३ मार्च, शनिवार
सलग चार! पॅन घासून फडक्यात गुंडाळून ठेवला. आर्लीन म्हणाली, पॅन नेऊ नकोस, ऑरिन, तो तवा... मी म्हणालो, तो तवा मला सांगतेस? मीच बसवलाय! ती हसली. किती दिवसांनी हसली. माझ्या आत्मविश्वासाने तिलाही उभारी आली.

२४ मार्च, रविवार, दुपारी
तवा टेबलाएवढा आहे. जमिनीला बोल्ट मारलेले आहेत. त्याला दांडा नाही.

हे मला माहीत होतं. पण तवा बसवताना माणूस बोल्टकडे बघतो.

माझा पॅन ठेवायला एकही शेगडी मोकळी नाही. सगळ्या तव्याखाली जोडल्यात, मीच. रांग दारापर्यंत. डुएनने हातात उलथनं दिलं. महिनाभरात उलथनं धरलं असेल तर ना! पहिला पॅनकेक शेजारच्यावर जाऊन बसला. दुसरा डुएनच्या बुटावर. बर्निस घरूनच ॲप्रन बांधून आलेली. म्हणाली, राहू दे ऑरिन, दमलास, मी बघते. आणि तव्यामागे यायला निघालीसुद्धा.

तेवढ्यात माझ्या हातातलं उलथनं गेलं. आर्लीनने घेतलं, डाव्या हाताने. चर्रर्र. टप्प. चर्रर्र. टप्प. सगळे गोल, सगळे सोनेरी, एकाची कड मोडली नाही.

आवाज ओळखीचा वाटला.

बर्निस मुकाट्याने रांगेत जाऊन उभी राहिली. आर्लीनने तिला एक जास्तीचा वाढला, वर लोण्याचा मोठा गोळा.

मी म्हणालो, मला सांगायचं तरी. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, मला तरी कुठे खात्री होती जमेल याची? आणि सांगणार कधी? तू व्हॉल्व्ह बदलत होतास.

मला कॉफीवर बसवलं. डुएन म्हणतो, पुढच्या वर्षीही कॉफीच. विचार करीन म्हटलं.

संध्याकाळी
गाडीतलं मीठ काढायला गेलो. पिशवी नव्हती. पायरीवर पाहिलं तर मीठ टाकलेलं होतं. डाव्या बाजूला जरा जास्त.