राजाच्या कपाळावरचा डिंक

गवीपूर, बंगळूर
मंगळवार, मे १९५९

थोरले साडूभाऊ संताजीराव यांस धाकट्या साडूचा, म्हणजे रघुजीचा, वाकून नमस्कार. अंबूअक्कांनाही सांगावा. आपले गुडघे आता काय म्हणतात ते कळवावे. हुबळीचा उन्हाळा कडक, दुपारचं बाहेर पडू नये. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर घरात मी आणि शकू दोघंच आहोत, सगळ्या घराला नीलगिरीच्या तेलाचा वास मारतो आहे, आणि मी मुळीच खुशाल नाही.

तुंगा होसकोट्याला भावाकडे सांडगे-पापड घालायला गेली आहे, ती सोमवारी येईल. शकूचं लग्न ठरल्यापासून या घरात रुखवताशिवाय दुसरा विषय नाही. विणलेलं, भरलेलं, कोरलेलं, साखरेत घोळलेलं असं काय काय खोलीभर मांडून ठेवलंय. मी कशाला हात लावायला गेलो की दोघी मायलेकी एका सुरात म्हणतात, तुम्ही राहू द्या. मुलीचा बाप म्हणजे मांडववाल्याशी बोलायला ठेवलेला माणूस, अशी माझी या घरात किंमत. जाताना तुंगाने एवढंच काम सांगितलं, की ट्रंकेतले राजाराणी काढा आणि कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. (कोरड्या या शब्दावर तिने जोर दिला होता हे मला आता आठवतंय.)

राजाराणी म्हणजे कुठले ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्याही, दोन्ही मुलींना लग्नात एकेक जोडी दिली होती, एकाच कारागिराच्या हातची. इथले लोक पट्टद गोंबे म्हणतात ती लाकडी जोडी. आपल्या लोकांत ही रीत नव्हती, पण चार पिढ्या बंगळुरात काढल्यावर शेजाऱ्यांची रीत ती आपली रीत, असं सासूबाईंचं म्हणणं. दर दसऱ्याला लेकीने जोडी मांडायची आणि तिची लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत घालायची. सासूबाई गेल्या. त्यांची म्हणून तुंगाजवळ ही एवढीच वस्तू आहे. जोडी शकूच्या हाती देताना काय बोलायचं हेसुद्धा तिने ठरवून ठेवलंय, मी स्वयंपाकघरातून ऐकलंय.

तर ट्रंक उघडली, आणि राजाच्या कपाळावर चिकटपट्टी. ही आमच्या मंडळाचे सेक्रेटरी नरसिंहराव यांची करणी. गेल्या दसऱ्याला सगळ्या घरांच्या बाहुल्या मंडळाच्या हॉलमध्ये एकत्र मांडल्या होत्या. आदल्या वर्षी कोणाचा तरी बाळकृष्ण भलत्याच घरी गेला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं, म्हणून गेल्या खेपेला या गृहस्थांनी आवरताना दवाखान्यातली चिकटपट्टी आणून बाहुली-बाहुलीवर घराचं नाव लिहिलं. पाठीवर लावा म्हटलं, तर म्हणाले, पेटीत उताणी ठेवल्यावर पाठ दिसते का? लावली कपाळावर. (राणी नशिबाची. तिला लुगडं नेसवलेलं, म्हणून तिचं नाव पदराला टाचणीने लागलं.) आमचा राजा डोकं फुटून लढाईवरून आल्यासारखा ट्रंकेत गेला, आणि सगळा उन्हाळा तिथे शिजला. पट्टी ओढली तर वरचं कापड अलगद हातात आलं आणि डिंक सगळा खाली राहिला. काळा, जाड आणि निर्लज्ज. फडक्याने पुसला तर फडकं चिकटलं. फडकं सोडवलं तर बोट चिकटलं.

गरम पाण्याने काही झालं नाही. शकू म्हणाली, अप्पा, खोबरेल लावा आणि उद्यापर्यंत विसरून जा. विसरून जाणं मला जमलं असतं तर मी तुमच्यासारखा गुटगुटीत नसतो का? मी दर घटकेला जाऊन नखाने उकरून पाहत होतो. शेवटी तेलावर मुंग्या आल्या आणि डिंकात अडकल्या, म्हणजे आता मुंग्याही काढायच्या. मग रॉकेल. रॉकेलने डिंक मऊ झाला हे खरं, पण मऊ होऊन तो निघाला नाही, खाली भुवईपर्यंत चालत आला. तेवढ्यात शेजारचे सुब्बाराव आले. हा माणूस डोकेदुखीपासून ढेकणांपर्यंत सगळ्यावर नीलगिरीचं तेल सांगतो. स्वल्प स्वल्प लावा, सरी होतं, बरोबर निघतं, म्हणाले. लावलं. आणि संताजीराव, होत होतं हो! डिंक कडेने सुटायला लागला होता. पण त्याच वेळी नेमके आमचे होणारे व्याही जयसिंगराव मांडवाचं विचारायला आले, उंबऱ्यातच थांबले आणि घरात कोण आजारी आहे म्हणाले. मला सर्दी झालीय असं सांगितलं. खोटं पटावं म्हणून ते बसले होते तोवर शिंकत राहिलो. संध्याकाळी विहीणबाईंकडून काढा आला, तो शकूने मला पाजला. न झालेल्या सर्दीचा काढा प्यायलेला बंगळुरात मीच एकटा असेन.

काढ्याने डोकं तापलेलं असताना नरसिंहराव उगवले. आपल्या पट्टीचे पराक्रम ऐकून त्यांना लाज वाटावी, तर उलट अभिमान वाटला. चांगल्या प्रतीची पट्टी आहे, म्हणाले. मग म्हणाले, दवाखान्यात पट्टी कशाने काढतात? स्पिरिटने. एवढं साधं तुम्हाला कसं सुचलं नाही? मी तसाच उठून कंपाउंडरकडून बाटली आणली. शकूने बजावलं की आधी दिसणार नाही अशा जागी लावून बघा. आता मी काही अगदीच येडा नाही. मी राजाला उलटा केला, पायाखालच्या लाकडावर स्पिरिट चोळलं, पाहिलं. काही बिघडलं नाही. पुन्हा चोळलं. एक डाग नाही. (पायाखाली कारागिराने रंगही लावलेला नसतो आणि लाखेचं पॉलिशही नसतं, हे मला नंतर उजाडलं. तिथे बिघडायला होतंच काय?) मग कापूस भिजवून कपाळावरून एक हात फिरवला. डिंक गेला. कपाळ गेलं. भुवया, उजवा डोळा आणि निम्मी मिशी कापसावर आली. नरसिंहराव म्हणाले, डिंक मात्र स्वच्छ निघाला, आणि त्यांना अचानक घरचं काहीतरी काम आठवलं.

राजा आता माझ्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात आहे. घरच्यांना काही बोलू नका. अंबूअक्कांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
रघुजी

ता. क. पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. तुमच्याकडचा राजा ताबडतोब, सोमवारच्या आत, कोणाबरोबर तरी पाठवून द्या. दोन्ही राजे हुबेहूब सारखे, तुंगाला कळणारही नाही. तुम्हाला तिन्ही मुलगेच, तेव्हा तो कोणाच्या ओटीत घालायचा प्रश्न नाही, आणि सुना येतील त्या आपापला घेऊन येतील. अंबूअक्कांना पॉलिशला दिलाय म्हणून सांगा. राणी नको, राणी आहे.

ता. क. (बुधवार) पत्र टपालात टाकणार तोच तुंगा दारात. होसकोट्याला आभाळ आलं म्हणून पापड तसेच ओले घेऊन आली. उंबऱ्यातच वास आला, सरळ कपाटाशी गेली आणि मफलर सोडला. राजाला मांडीवर घेऊन तिथेच खाली बसली. तिने तोंड सोडलं असतं तर बरं वाटलं असतं. मला तर रडू यायचं बाकी होतं. मग शकू काजळाची डबी घेऊन आली आणि तिने डोळा काढला, भुवया काढल्या, मिशी पुरी केली. एक डोळा बारीक झाला आणि मिशी उजवीकडे खाली आली. लांब धरून बघितलं आणि म्हणाली, अगदी अप्पांसारखा दिसतो, मला हाच हवा, कोणी पुसायचा नाही. तुंगाने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, बरं झालं, रुखवतात एक तरी वस्तू बापाच्या हातची गेली.

ता. क. तेव्हा राजा पाठवू नका. तुम्ही दोघं मात्र चार दिवस आधी या. लग्नाच्या दिवशी रुखवतापाशी माझ्या शेजारी उभे राहा, आणि राजाच्या मिशीचं कोणी विचारलं तर उत्तर तुम्हीच द्या. त्या दिवशी मला बोलता येईल असं वाटत नाही.