बारशाला कोणी यायचं

राणीसावरगाव,
माघ वद्य पंचमी

प्रिय महादेवी,

तुझं पत्र पोचलं. बाळ अंगावर पितं, तुझा ताप उतरला, वाचून जिवात जीव आला. शेवटच्या दोन ओळी मात्र चार वेळा वाचल्या. बारशाला तू एकटीच ये, आप्पांना आणू नकोस, पूर्णेला सगळी रेल्वेतली माणसं, सासूबाईंपुढे अफूबाज बाप कसा दाखवू, असं तू लिहिलंस. मी रागावले नाही. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालंय, म्हणून दुपारीच लिहायला बसले. आप्पा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलेत. आज अकरावा दिवस.

तुला त्यांचं हे पडणंच आठवत असणार. उठायचे तेव्हा घर डोक्यावर घ्यायचे. माळेगावच्या जत्रेत दुकानासाठी घोंगड्या आणायला गेले आणि दोन घोडे घेऊन आले. बांधायला जागा नाही, म्हणून घोडे आठवडाभर दुकानात, गुळाच्या ढेपांशेजारी. गाव हसून लोळलं, लीद मी काढली. एका वर्षी त्यांच्या मनात आलं, बायकोला लिहिता आलं पाहिजे. मग पाटीवर माझा हात धरून महिन्याभरात बाराखडी शिकवली. झोप नाही, जेवण नाही, दिवसातून चार वेळा पूजा. आणि मग एक दिवस सगळं विझायचं. गळ्यातलं इष्टलिंग पूजेला हातात घ्यायचंही त्राण नसायचं, आणि पूजेशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत. मी त्यांचा तळवा उघडून त्यावर लिंग ठेवायची, पाणी घालायची, तेव्हा कुठे दोन घास पोटात जायचे. गंगाखेडचे वैद्य म्हणाले, हा मनाचा आजार आहे, चढतो आणि उतरतो, सांभाळा. त्यांचं काय जातंय म्हणायला!

अफूचं तू पाहिलंस ते पुढचं. मठात स्वामींपुढे दोनदा शपथ घेतली, दोनदा मोडली. गोळी सोडली की हुडहुडी भरते, घाम फुटतो, पोट बिघडतं, आणि चार दिवसांत ते पुन्हा उठून धावत सुटतात. ते धावणं थांबवायला पुन्हा गोळी. एक आजार धरावा तर दुसरा सुटतो. मी हात टेकले. दुसऱ्यांदा शपथ मोडली तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. "मीच पापी हाय, माझी मीच लावून घेतली ही खोड," असं रडत म्हणत होते. मी खांबाला टेकून उभी होते. गप्प.

आता गप्प राहवत नाही. तू दीड वर्षाची होतीस. आप्पा नऊ दिवस झोपले नव्हते. दुकानातलं मीठ, मिरची, हळद रस्त्यावर वाटत सुटले होते आणि मी तुला काखेत घेऊन मागे धावत होते. शेजारची बायनाबाई शेतावर जाताना लेकराला अफूचा कण चाटवून जायची. आपल्याकडे सगळ्याच चाटवतात, तुलाही मी चाटवलाय. ती म्हणाली, "बाई, लेकराला देताव तेवढंच दे की मालकाला. लय शांत झोपतेत बघ." मी दुधात कालवून दिलं, त्यांना न सांगता. ते झोपले. नऊ दिवसांनी मीही झोपले. इतकं बरं वाटलं गं, की दुसऱ्या दिवशी त्यांना जाग यायच्या आत मी पुन्हा दूध तापवलं. कणाची गोळी हरभऱ्याएवढी कधी झाली, कळलं नाही. दोन महिन्यांनी भिऊन बंद केली, तर ते तडफडायला लागले, आणि कशापायी ते त्यांनाच उमगेना. मग बाजारात कुणीतरी त्यांना गोळी दिली आणि त्यांना वाटलं, आपल्याला औषध सापडलं. दुधाचं त्यांना आजही ठाऊक नाही. सोळा वर्षं मी त्यांना स्वतःलाच दोष देऊ दिला.

आज त्यांना सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण पत्र टपालात पडलं की मला माघार घेता यायची नाही. सांगितल्यावर ते माझ्या हातचं पाणी घेतील की नाही, कोण जाणे. मी फार थकले गं, पण एवढं करायचंच आहे. नातवाचं नाव काढलं की ते पडल्या पडल्या डोळे उघडतात. तू हो म्हणालीस तर शनिवारच्या गाडीने वीरभद्रमामा त्यांना घेऊन येईल. गोळ्या मामाजवळ बांधून देते, त्या एकदम बंद करू नका. बाळाला त्यांच्या मांडीवर दे. बाळ कितीही रडलं तरी त्याला अफू चाटवू नकोस. सासूबाईंनी आप्पांबद्दल विचारलं तर हे पत्र वाचून दाखव, माझी हरकत नाही. मी येत नाही. बारशाला आम्हा दोघांतलं कुणी नको असेल, तर ती मी आहे.

तुझीच, जिचा राग तुला आता यायला हवा ती,
आई