ओकुमुरांचा भात आणि काकांची शोकसभा

होळी, वसई
१४ डिसेंबर १९८३

ती. विठ्ठलकाकांस,
आत्मारामचा साष्टांग नमस्कार.

गुढीपाडव्यानंतर मी तुम्हाला एकही पत्र पाठवलं नाही, त्याबद्दल क्षमा करा. कारणं पुष्कळ सांगता येतील, पण त्यांतलं एकही मला स्वतःलाच पटत नाही, तेव्हा राहू द्या. नाशिकला तुमची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा आहे. एरवी हे वाक्य मी रिवाजापुरतं लिहितो. आज अगदी जीव ओतून लिहितो आहे, कारण सध्या आपलं होळी गाव तुम्हाला कैलासवासी समजतं आहे आणि येत्या रविवारी वाचनालयात तुमची शोकसभा आहे. हे सगळं माझ्या स्वयंपाकामुळे झालं. स्वयंपाक मात्र उत्तम झाला होता, हे आधीच नमूद करतो.

झालं असं. वालीवच्या आमच्या कारखान्यात जपानहून नवं यंत्र आलं आणि ते बसवून द्यायला ओकुमुरा नावाचे इंजिनियर आले. हॉटेलच्या जेवणानं त्यांचं पोट बिघडलं, म्हणून मालकांनी त्यांना आमच्या माडीवर आणून ठेवलं (सुपरवायझरचं घर मोठं असलं की मालकांना त्याच्याविषयी आपुलकी वाटते). प्रेमलतेनं कौतुकानं वालाचं बिरडं केलं. पाहुण्यांनी दोन घास खाल्ले, कमरेत वाकून आभार मानले आणि त्यानंतर ते नुसत्या केळ्यांवर राहू लागले. मग एके दिवशी म्हणाले, यंत्र अर्धं राहिलं तरी चालेल, मी घरी जातो. मालकांना मी शब्द दिला होता की त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी माझी. मी ओकुमुरांना विचारलं, लहानपणी आजारी पडल्यावर आई काय देत असे? त्यांनी कागदावर एक वाडगा काढला, त्यात भात काढला आणि भातावर किटलीतून चहा ओतला. मी कागद उलटा धरून पाहिला. तरी चहाच होता.

चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा आणि भात असा की दोन काड्यांनी गोळा उचलता यावा. प्रेमलतेला चहाचं एक वेळ चाललं असतं, भाताचं चाललं नाही. "सासूबाईंनी मोकळा भात शिकवताना मला रडवलं, आणि आता तुम्हाला गिचका हवा? मग तुमचा तुम्हीच करा," असं म्हणून ती आगाशीला माहेरी गेली. (भाचीच्या बारशाला जायचीच होती. रागावून गेली की ठरल्याप्रमाणे गेली, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.)

पहिला भात करपला. दुसऱ्यानं पतंग चिकटवता आले असते. मग मात्र मला मर्म सापडलं: यंदाचा नवा तांदूळ घ्यायचा, पेज काढायची नाही आणि झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. चहापत्ती ओकुमुरांजवळ होती. त्यांच्याकडे भाताबरोबर कसलंसं खारवलेलं आंबट फळ लागतं, त्याऐवजी मी खारातली कैरी दिली. (अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलांचं पाणी काढलं असतं तर आणखी लज्जत आली असती असं त्यांचं मत पडलं, पण मार्गशीर्ष चालू आहे.) ओकुमुरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि ओटीवर बसल्या बसल्या घळाघळा रडले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जाऊ लागले. काका, आत्मस्तुती मला आवडत नाही, पण वसई तालुक्यात हा पदार्थ माझ्याइतका चांगला कोणी करत नाही.

आता गावाच्या बाजूनं पाहा. आमच्या स्वयंपाकघरातून इतके दिवस फोडणीचा वास नाही. भाताच्या नादात माझी दाढी वाढलेली. शेजारच्या सुभद्राकाकू दोन वेळा केळीच्या पानाखाली पिठलं-भात झाकून आणून ठेवतात आणि "येते" न म्हणता निघून जातात. सुतकाच्या घरी असंच करतात हे मला कळायला हवं होतं; मी समजलो, बायको माहेरी गेलेल्या माणसाची दया आली. म्हणून मी हात जोडून, मान खाली घालून ते घेतलं. त्यावर ओटीवर रडणारा परदेशी माणूस. आमच्या घरातलं वडीलधारं असं तुमच्याशिवाय उरलंय कोण? गावानं हिशेब केला आणि शिवाय तुमचा लौकिक जपानपर्यंत पोचला होता असंही ठरवलं.

काल वाचनालयाचे चिटणीस सिप्रियन तुमचा फोटो मागायला आले, तेव्हा मला उलगडा झाला. मागोमाग प्रेमलता आली. बारशात सगळे तिच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलत होते. "तिकडे मला लोक धीर देतायत आणि तुम्ही इथे भात गिचका करताय!" ती म्हणाली, आणि मग एकदम थांबून, "पण काका आहेत ना हो?"

घरच्या सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

आपला पुतण्या,
आत्माराम

ता. क. तुम्ही विचाराल, सिप्रियनला सरळ सांगितलं का नाहीस? सांगायला तोंड उघडलं होतं. पण पाडव्यानंतर तुमच्याविषयी माझ्याजवळ कसलीच माहिती नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट ठासून सांगणं मला जमत नाही. म्हणून म्हणालो, "काका बहुतेक आहेत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मन मानत नाही, दादा. माझ्या बाबांच्या वेळी माझंही असंच झालं."

ता. क. २. तेव्हा खरी विनंती ही, की आपण हयात असल्यास उलट टपाली कळवावं. पोस्टकार्ड चालेल.

ता. क. ३. वरची विनंती प्रेमलतेनं वाचली. ज्या माणसाला आठ महिने विचारलं नाही त्याला असं पत्रानं विचारतात का, म्हणाली. बरोबर आहे. हे पत्र पेटीत टाकत नाही, तुमच्या हातात देईन. ओकुमुरांचा भात ती करणार आहे. तिच्या मते भात बिघडवायला पदवी लागत नाही.

उद्या: नाशिकची पहिली एस.टी. गाठणे.