खिसा कुठल्या बाजूला

१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पाठीचं दुखणं कसं आहे? माझे गुडघे कुरकुरतात, पण दप्तरखान्याचा जिना चढू देतात. तिथे आपल्या कारखान्याच्या संपाचे कागद आणि फोटो लोकांसाठी मांडायचं चाललं आहे. तिथली बाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, तुम्ही सगळं पाहिलेलं. आमच्या पुस्तकांपेक्षा तुम्हीच बऱ्या."

मी म्हटलं, "पुस्तकांचे गुडघे दुखत नाहीत गं."

तिने तुझ्या दाजींच्या शवचिकित्सेचा कागद दिला. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली मी, जड शब्द बोटाखाली धरून वाचते. उजव्या कानशिलाचं हाड आत गेलेलं. उजवा डोळा फुटलेला. जबडा दोन ठिकाणी मोडलेला. तेव्हा चेहऱ्यावर फडकं टाकून तूच म्हणाला होतास, "ताई, बघू नकोस. चेंगराचेंगरीत दगड लागला." मी बघितलं नाही.

शेजारी फोटो होता. फाटकापाशी दाजी गुडघ्यांवर, तोंड आपल्याकडे. एक पाठमोरा माणूस त्यांच्या डोक्यात लोखंडी गज घालतो आहे. रक्त फाटकापर्यंत उडालेलं. घाव मात्र डाव्या कानशिलावर. कागदात उजवं, फोटोत डावं, म्हणून चौकशी समितीने फोटोच खोटा ठरवला आणि दगड खरा धरला.

ती पाठ मला ओळखीची वाटली होती. पण गज उजव्या हातात दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. तू डावखुरा. आईने मारून पाहिलं, हात बांधून पाहिला, तरी तुझा डावाच पुढे.

मग मला दाजींच्या शर्टाचा खिसा दिसला. तो शर्ट मी शिवला होता. खिसा डाव्या छातीवर लावला होता, फोटोत तो उजवीकडे.

"अगं, हा खिसा इकडे कसा गेला?"

बाईने फोटो आरशासमोर धरला आणि ती ओरडलीच, "आजी, निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापलाय हा!" तिचे पाय जमिनीवर ठरेनात. आरशात खिसा जागेवर आला. घाव उजव्या कानशिलावर आला. गज डाव्या हातात आला.

"हा पाठमोरा कोण असेल हो?" तिने विचारलं.

"चष्मा पुसून सांगते," म्हटलं आणि घरी आले.

तू म्हणायचास, त्या दिवशी मालकाने तुम्हा संप मोडून कामावर गेलेल्यांना गोदामात कोंडलं होतं. तू प्रेताला खांदा दिलास. पुढे माझ्या चुलीला तू धान्य पुरवलंस. माझी पोरं त्यावर वाढली.

फोटोत दाजींचे हात जोडलेले आहेत. जन्मात कुणापुढे न जोडलेले हात. मेव्हणा आहे, थांबेल, असं वाटलं असेल त्यांना.

पुढच्या सोमवारी मी दप्तरखान्यात जाणार आहे. त्याआधी जाऊन तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. नाहीतर मी सांगेन. चष्मा पुसून झाला आहे.

वर सवयीने आशीर्वाद लिहून गेले. शाई वाळली, म्हणून खोडत नाही, एवढंच.

गुडघ्यांवर बसलेल्या त्या माणसाची
बायको