डिरेक्टरी हो म्हणाली

३ फेब्रुवारी
दवाखान्याच्या औषध-स्टोअरला मी लिहिलेलं लॉगिन बसवलं. पासवर्ड आता माझ्याकडे नाहीत. कर्मचाऱ्यांची डिरेक्टरी, म्हणजे नावं-पासवर्डांची यादी, सर्व्हरवर आहे. माझा कोड तिला नाव-पासवर्ड देऊन विचारतो. ती हो म्हणाली की आत. चुकीचे पासवर्ड ढीगभर टाकून पाहिले, सगळे बाहेर. रिकामा तेवढा टाकला नाही. शाळेच्या आधी बाबांनी घरी शिकवलं ते हेच, रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही. शिवाय रिकाम्याला हो कोण म्हणेल?

६ फेब्रुवारी
एकही तक्रार नाही. पासवर्ड विसरणारे लोक सुधारले. वॉर्डातले गुंडाप्पाकाका खूश. म्हणाले, "लई सोपं केलंस पोरी, काई टाकावंच लागंना." ब्राउझरनं लक्षात ठेवला असणार. त्यांना सावधगिरी शिकवायची. सोमवारपासून.

११ फेब्रुवारी
रिटायर झालेले बब्रुवानकाका लॉगिन झालेले दिसले. सवय सुटत नसेल.

१७ फेब्रुवारी
भुलीच्या इंजेक्शनांचे खोके स्टोअरमधून गायब झाले. मंजुरी शामलाताईंच्या नावावर. त्या स्टोअर सांभाळतात. मला इथं नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली. त्या म्हणतात, त्या दिवशी मी तेर गावी माहेरी होते. दवाखान्याचे प्रमुख अंबादास सर, त्यांनी माझ्याकडून लेखी मागितलं. पण ओळखीपायी खोटं लिहायचं नाही. लिहिलं: शामलाताईंच्या पासवर्डशिवाय हे अशक्य.

१८ फेब्रुवारी
शामलाताईंना घरी बसवलं. जाताना म्हणाल्या, "तू लिहिलंस म्हंजे खरंच असंल ग. मलाच आठवंना झालंय." किती समजूतदार बाई.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
फोन घेताना पासवर्ड न टाकताच एंटर दाबलं गेलं. आत. शामलाताईंचं नाव टाकलं. आत. सरांचंही. मॅन्युअल उघडलं: पासवर्ड रिकामा आला तर डिरेक्टरी अनोळखी पाहुणा म्हणून हो म्हणते. तो हो माझ्या कोडनं ओळख पटली असा घेतला. भोक उघडं ठेवून घरी जाणं पटेना. दुरुस्ती केली. जुना कोड समूळ पुसला, घाण जपून कशाला ठेवायची? उद्या सरांना सांगून शामलाताईंना परत आणायचं. सोपं आहे.

२२ फेब्रुवारी
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, दाखवा. शामलाताईंचं नाव टाकलं, पासवर्ड रिकामा, एंटर. आत जाऊ देईना. पुन्हा दाबलं. नाहीच.
म्हटलं, काल जात होतं.
सर हसले. "पक्कं काम आहे तुमचं, वैदेही मॅडम."
मग शामलाताईंच्या बडतर्फीचा कागद पुढं ओढून सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. पेन त्यांनीच दिलं.