दिल्लीचा माल

दिल्ली, १२ डिसेंबर १९५५

तीर्थरूप आबांच्या पायांवर तोतारामने दिल्लीहून डोकं ठेवलं आहे.

आबा, पोहोचलो! मुंबईपासून सातशे मैल, अन् घड्याळात फक्त सव्वाचार तास! कानात घालायला कापूस देतात, पण आपल्या कापसाची सर त्याला नाही. विमान उठलं तेव्हा मी डोळे मिटून खुर्ची घट्ट धरली होती. आईला सांगू नका.

आता गंमत ऐका. तुम्ही म्हणाला होतात, "चार तासात दिल्ली? कोनी सांगलं तुले?" अन् इथल्या शेतकी प्रदर्शनासाठीचा केळीचा घड नेहमीच्या दिल्लीच्या मालासारखाच कच्चा कापलात, रेल्वेच्या वॅगनमध्ये सहा दिवस पिकत जाईल असा. मी उतरलो तेव्हा केळी हिरवीगार, दगडासारखी!

परीक्षक उद्याच येणार. घड तुमच्या घोंगडीत गुंडाळून खाटेवर निजवला आहे. इथे थंडी फार. तुमचा खोकला कसा आहे? खरं कळवा.

प्रदर्शनाचे साहेब म्हणाले, बाजारातली पिकलेली केळी मांडा. मी नाही म्हणालो. घड तुमच्या हातचा आहे. मग मी पाटीच रंगवून घेतली: 'माणूस विमानाने पोहोचला, केळी अजून वाटेत आहेत.'

घडाच्या उशाशी बसलेला,
तुमचा तोताराम